बुसियाच्या पंचाहत्तर शाळा: गोळी पोटात गेली, धडा हातापर्यंत पोचला नाही

शाळेत आरोग्याचा तास घेतला, भिंतीवर तक्ता लावला, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, तर मुलांच्या सवयी बदलतात का? हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही, कारण उत्तर 'हो' असणार हे आपण धरूनच चालतो. केनियाच्या पश्चिम टोकाला बुसिया जिल्ह्यात १९९८ पासून हे प्रत्यक्ष ताडून पाहिलं गेलं. तो जंतांच्या गोळीचा प्रकल्प जगभर गाजला आणि त्याच्यावर आजही वाद होतात. त्याच प्रकल्पात गोळीच्या जोडीने स्वच्छतेचे धडेही दिले होते. त्या धड्यांचं काय झालं, हे मात्र गोळीबद्दल हिरिरीने बोलणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसतं. शाळेतल्या किशोरवयीन मुलांच्या आरोग्याशी ज्यांचा संबंध येतो त्यांनी खरं तर हाच अर्धा भाग आधी वाचावा असं मला वाटतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

गाव, पाणी आणि माती

बुसिया जिल्हा युगांडाच्या सीमेला लागून आहे. त्याचा दक्षिणेकडचा भाग व्हिक्टोरिया सरोवराला जाऊन भिडतो. प्रकल्पातल्या शाळा याच भागातल्या, बुडालांगी आणि फुन्युला या दोन विभागांतल्या होत्या. लोक शेतीवर आणि मासेमारीवर जगणारे, जमीन सखल, आणि बुडालांगीत पुराचं भय कायमचं. १९९७च्या अखेरीपासून १९९८च्या सुरुवातीपर्यंत एल निनोमुळे तिथे असाधारण पाऊस झाला, पूर आले. पुराचं पाणी गावातली घाण सगळीकडे पसरवतं आणि माती ओली ठेवते. जंतांच्या अंड्यांना आणि अळ्यांना नेमकं हेच हवं असतं.

शाळा नावाला प्राथमिक. पण तेव्हा केनियात प्राथमिक शाळा आठ इयत्तांची असे, मुलं उशिरा दाखल होत आणि एकाच वर्गात पुन्हापुन्हा बसत. त्यामुळे या शाळांतली मुलं ६ ते १८ वयाची होती. वरच्या वर्गांत मिसरूड फुटलेले मुलगे आणि वयात आलेल्या मुली बसत. म्हणून हे प्रकरण लहान मुलांचं आहे तितकंच किशोरांचंही आहे.

सुरुवातीला तपासणी झाली तेव्हा शंभरातल्या ९२ मुलांच्या पोटात कुठल्या ना कुठल्या प्रकारचे जंत निघाले. ३७ टक्के मुलांमध्ये त्यांचं प्रमाण मध्यम किंवा जास्त होतं. प्रकारवार पाहिलं तर हुकवर्म, म्हणजे अंकुशकृमी, ७७ टक्के मुलांमध्ये, व्हिपवर्म, म्हणजे चाबूककृमी, ५५ टक्क्यांत, गोल जंत ४२ टक्क्यांत आणि शिस्टोसोमियासिस २२ टक्क्यांत.

या चौघांच्या वाटा वेगवेगळ्या आहेत, आणि पुढचं सगळं त्या वाटांवरच अवलंबून आहे. गोल जंत आणि व्हिपवर्म यांची अंडी विष्ठेतून मातीत जातात आणि मळक्या हातांतून, न धुतलेल्या भाजीफळांतून तोंडात येतात. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. हुकवर्मला तोंडाची गरजच नाही. त्याची अळी ओल्या मातीत असते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते, पुढे आतड्याला चिकटून रक्त पिते. वयात येणाऱ्या मुलीच्या अंगात आधीच रक्त कमी असेल तर हा जंत तिला आणखी खचवतो. शिस्टोसोमियासिसचा परजीवी गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत वाढतो, तिथून पाण्यात सुटतो आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत जातो. सरोवराकाठी राहणाऱ्यांना तो चुकवणं फार अवघड.

(हा शेवटचा आजार आपल्याला अगदीच परका नाही. १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात त्याच्याच कुळातला, लघवीच्या मार्गाला होणारा आजार आढळल्याची नोंद झाली. भारतात याची उदाहरणं फार विरळ, त्यामुळे वैद्यकाच्या पुस्तकांत गिमवीचं नाव आजही येतं. पुढे तो तिथून ओसरला.)

एकंदरीत बचावाचे उपाय तीन: हात धुणं, पायात काहीतरी घालणं, दूषित पाण्यात न उतरणं. शाळेत याच तीन गोष्टी शिकवल्या गेल्या.

काय केलं

आयसीएस आफ्रिका ही डच मुळाची संस्था केनियाच्या आरोग्य खात्याच्या जिल्हा कार्यालयाबरोबर काम करत होती. ७५ शाळा, तीस हजारांवर मुलं. सगळ्यांना एकदम गोळ्या देण्याइतका पैसा आणि माणूसबळ नव्हतं, म्हणून शाळांचे २५-२५चे तीन गट पाडले. पहिल्या गटाला १९९८मध्ये गोळ्या सुरू झाल्या, दुसऱ्याला १९९९मध्ये, तिसऱ्याला २००१मध्ये. नावांची यादी वर्णक्रमाने लावून दर तिसरी शाळा एका गटात, अशी वाटणी होती. कुणाच्या शिफारशीने कुठली शाळा आधी आली असं झालं नाही, म्हणूनच गटांची तुलना करता आली. ती तुलना मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल या अर्थतज्ज्ञांनी केली. क्रेमर यांना पुढे २०१९मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

गोळी म्हणजे अल्बेंडाझोल, दर सहा महिन्यांनी. जिथे शिस्टोसोमियासिसचं प्रमाण जास्त होतं त्या शाळांत वर्षातून एकदा प्राझिक्वांटेल हे त्या आजाराचं औषधही. पण १३ वर्षांच्या आणि त्यावरच्या मुलींना या गोळ्या द्यायच्या नाहीत असा नियम होता. एखादी मुलगी गरोदर असली तर पोटातल्या बाळाला धोका पोचेल, ही भीती त्यामागे होती. प्रत्यक्षात काही थोड्या मुलींना गोळी मिळाली, बाकीच्या रांगेबाहेर राहिल्या. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने गरोदरपणाचे पहिले तीन महिने वगळून ही अट सैल केली. पण त्या दोन वर्षांत बुसियातल्या मोठ्या मुलींच्या वाट्याला प्रकल्पातून मुख्यतः एकच गोष्ट आली: धडे.

आणि धडे वरवरचे नव्हते. प्रत्येक शाळेतल्या शिक्षकांना जंतप्रतिबंधाचं प्रशिक्षण दिलं गेलं. प्रकल्पाचे कार्यकर्ते शाळेत येऊन व्याख्यानं देत. वर्गात तक्ते लावले. हात धुवा, चपला-बूट घाला, सरोवराच्या पाण्यात उतरू नका, हे पुन्हापुन्हा सांगितलं. आपल्याकडचा कुठलाही शालेय आरोग्य कार्यक्रम डोळ्यांपुढे आणला तर बुसियातलं शिक्षण त्याहून कमी नव्हतं, कदाचित थोडं जास्तच होतं.

काय दिसलं

गोळीचा परिणाम दिसला. गोळी मिळालेल्या शाळांत गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. हजेरी शाळेच्या पटावरून घेतली नव्हती. कार्यकर्ते न सांगता शाळेत जाऊन प्रत्यक्ष बसलेली मुलं मोजत. गोळी न घेतलेल्या मुलांनाही फायदा झाला, कारण वर्गातल्या चाळीस जणांच्या पोटातले जंत गेले की शाळेभोवतालच्या मातीत पडणारी अंडीही कमी होतात. परीक्षेच्या गुणांत मात्र फरक आढळला नाही.

धड्यांचा परिणाम शोधताना त्यांनी मुलांची लेखी परीक्षा घेतली नाही, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कार्यकर्त्यांनी मुलांचे हात आणि गणवेश स्वच्छ आहेत का हे डोळ्यांनी पाहून नोंदवलं. पायात काही आहे का तेही पाहिलं. गेल्या आठवड्यात किती दिवस सरोवराच्या किंवा नदीच्या पाण्यात उतरलात, एवढं फक्त मुलांना विचारलं. मग धडे मिळालेल्या आणि अजून न मिळालेल्या शाळांची तुलना केली.

तिन्ही बाबतींत फरक नव्हता. स्वच्छ दिसणाऱ्या मुलांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच. पायात काही घातलेली मुलं दोन्हीकडे साधारण चारातलं एक. पाण्यात उतरण्याचे दिवसही जवळपास तितकेच. वर्षभराची व्याख्यानं, प्रशिक्षण, तक्ते, आणि सवयीत मोजता येईल असा बदल शून्य.

यावर एक शंका येऊ शकते. गोळी मिळतेच आहे तर काळजी कशाला, असं मुलांना वाटलं असेल का? औषध हाताशी आलं की पथ्य सुटतं, हे आपण घरोघरी पाहतो. पण इथे मोठ्या मुलींनी उत्तर दिलं. त्यांना गोळी मिळत नव्हती, म्हणजे त्यांना सावध राहायला सगळ्यात जास्त कारण होतं. त्यांच्याही सवयी बदलल्या नाहीत. तेव्हा निष्काळजीपणा हे कारण इथे बसत नाही.

असं का झालं असावं

'मुलं ऐकत नाहीत' हे उत्तर पटकन ओठांवर येतं. शिक्षकांच्या खोलीत ते रोज ऐकू येतं. मला ते पटत नाही. कुठल्या मुलाला नेमकं काय सांगितलं गेलं, ते एकेक करून पाहू.

चपला-बूट घाला. ज्या घरात चारातल्या तिघांच्या पायांत काहीच नाही, तिथे हा सल्ला मुलाला देऊन काय होणार? चपला मुलगा विकत घेत नाही, घर घेतं, आणि घराकडे पैसे असले तरच घेतं. हा आरोग्याचा धडा दिसतो खरा, पण त्याचं उत्तर खिशात आहे.

सरोवरात उतरू नका. बुडालांगीत सरोवर आणि नदी म्हणजे अंघोळ, धुणं, मासेमारी, गुरांना पाणी, आणि पोहण्याची मौज. चौदा वर्षांच्या मुलाला वडील होडीवर बोलावतात तेव्हा त्याने तक्त्यातला गोगलगायीचा जीवनक्रम सांगून नकार द्यावा अशी अपेक्षा कोण करील?

हात धुवा. इथे निदान सवय मुलाच्या हातात आहे. पण नळ? पाणी? साबण? प्रकल्पाने शिकवायला माणसं आणली. साबण पुरवणं हा त्याचा भाग नव्हता.

तिन्ही ठिकाणी एकच अडचण आहे. मुलाला जे कळायला हवं होतं ते सांगितलं गेलं, आणि करायला जे लागतं ते तिथे नव्हतं. शेतकऱ्याला ठिबकचं प्रशिक्षण द्यावं आणि विहीर कोरडी असावी, तसंच हे झालं. हे माझं वाचन आहे. संशोधकांनी परिणाम नाही एवढं पक्कं दाखवलं, 'का नाही' याचा शेवटपर्यंत छडा लावला असा त्यांचाही दावा नाही.

दुसरं कारण समजुतींचं. या भागात जंत हा शरीराचाच भाग आहे, पचनाला ते लागतात, अशी जुनी धारणा होती. पोटदुखी आणि अंगातली मरगळ यांचं कारण जंत नसून करणी किंवा मोडलेला विटाळ-नियम आहे, असंही मानलं जाई. आपल्या आजीच्या पिढीला हे ऐकून नवल वाटणार नाही. अशा घरातून आलेल्या मुलाच्या डोक्यात व्याख्यानाने एक नवी माहिती पडते, पण जुनी धारणा तिथून हलत नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहतात. शाळेत विचारलं तर तो शाळेचं उत्तर देतो, घरी घरचं. शाळेच्या पेपरात असा मुलगा पास होतो, आणि म्हणून सवयीची चाचणी पेपरने घेण्यात अर्थ नाही.

वचन, पैसे आणि मैत्रिणी

प्रकल्पाचा पुढचा टप्पा आरोग्य साक्षरतेविषयी आणखी काही सांगतो, म्हणून तो टाळता येत नाही.

मदत देणाऱ्या संस्थांना नेहमी एक आशा असते: आधी फुकट द्या, लोकांना शिकवा, फायदा पटला की ते स्वतःहून पैसे देतील आणि कार्यक्रम आपल्या पायावर उभा राहील. २००१ साली पहिल्या दोन गटांतल्या काही शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून तिथे गोळीसाठी घरटी थोडे पैसे लावले. सरासरी काढली तर मुलामागे अमेरिकी ३० सेंट, औषधाच्या खर्चाचा जेमतेम पाचवा हिस्सा. ज्या शाळांत गोळी फुकट होती तिथे ७५ टक्के मुलांनी घेतली. जिथे पैसे लावले तिथे १९ टक्क्यांच्या आसपास. आणि हे सगळे धडे मिळालेल्या शाळांतलंच होतं.

वचन घेऊनही पाहिलं. गोळीच्या दिवसाआधी मुलांना विचारलं, तू त्या दिवशी येशील ना, घेशील ना? माणूस एकदा 'हो' म्हणाला की शब्द पाळतो, असं मानसशास्त्र सांगतं. मुलं 'हो' म्हणाली. गोळी घेणाऱ्यांच्या संख्येत फरक पडला नाही. आपल्याकडे मैदानावर उजवा हात पुढे करून स्वच्छतेची शपथ घ्यायला लावण्याची जी पद्धत आहे, तिच्याकडे या निकालानंतर मला पूर्वीसारखं पाहता येत नाही.

सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट मैत्रीची. किशोर मुलं शिक्षकांपेक्षा मित्रमैत्रिणींचं जास्त ऐकतात हे खरंच. त्यामुळे ज्यांच्या ओळखीची माणसं आधी गोळी मिळालेल्या शाळांशी जोडलेली होती, त्यांनी गोळी जास्त घ्यावी असं वाटेल. झालं उलट. जितक्या ओळखी जास्त, तितकी गोळी घेण्याची शक्यता कमी. अशा लोकांमध्ये 'ती गोळी काही फारशी कामाची नाही' असं सांगणारेही अधिक सापडले.

ते खोटं बोलत नव्हते. गोळी घेतली, काही दिवस पोट कुरकुरलं, काही महिन्यांनी जंत परत आले, कारण माती आणि पाणी तेच होतं. प्रत्येकाने आपापल्या शरीरावर जे अनुभवलं ते प्रामाणिकपणे पुढे सांगितलं. पण गोळीचा मोठा फायदा एकट्याच्या शरीरात दिसत नाही, तो सगळ्यांच्या मातीत होतो. बुसियातल्या ज्या वस्त्यांतल्या शाळांना गोळ्या मिळाल्या, तिथे त्या वेळी वर्षाच्या आतली जी तान्ही बाळं होती, त्यांची ओवेन ओझियर या अर्थतज्ज्ञाने सुमारे दहा वर्षांनी बौद्धिक चाचणी घेतली. त्या बाळांनी एकही गोळी घेतली नव्हती. ती वस्तीतल्या शाळकरी मुलांनी घेतली होती. तरी त्यांची कामगिरी इतर वस्त्यांतल्या मुलांपेक्षा शाळेच्या अर्ध्या ते पाऊण वर्षाइतकी पुढे होती.

चौदा वर्षांच्या मुलीला 'तुझं पोट दुखणार नाही' असं सांगितलं तर ती गोळी घेऊन पाहते आणि पोट तरीही दुखतं. 'तुझी धाकटी बहीण अंगणात रांगते, तिच्या तोंडात जाणारी माती तुझ्या गोळीने स्वच्छ होते' हे सांगितलं असतं तर? या वयात मुलं स्वतःच्या तब्येतीला कमी जपतात, पण धाकट्या भावंडासाठी जीव टाकतात. हे कुणी करून पाहिलं नाही, तेव्हा ते चाललं असतं असं मी म्हणणार नाही. पण शेजाऱ्याच्या अंगणापर्यंत जो धडा जात नाही, तो जंतांच्या बाबतीत अपुराच आहे, एवढं नक्की म्हणता येतं.

आरोग्य साक्षरतेवर लिहिणारे ऑस्ट्रेलियातले डॉन नटबीम यांनी २०००मध्ये तिच्या तीन पायऱ्या मांडल्या: माहिती वाचून समजणं, ती रोजच्या व्यवहारात आणि बोलण्यात वापरता येणं, आणि आपल्या आरोग्याला अडवणाऱ्या परिस्थितीला प्रश्न विचारता येणं. बुसियाच्या मुलांना पहिली पायरी मिळाली. 'आमच्या शाळेत साबण का नाही?' हा प्रश्न तिसऱ्या पायरीवरचा. तो विचारायला कुठल्याही तक्त्याने त्यांना शिकवलं नाही.

शेजारच्या प्रांतात साबण ठेवला तेव्हा

बुसियावरून 'शिक्षण निरुपयोगी, गोळी पुरे' असा निष्कर्ष काढणारे बरेच आहेत. तो घाईचा आहे, आणि त्याचा पुरावा फार लांब शोधावा लागत नाही. बुसियाच्या दक्षिणेला, त्याच सरोवराकाठच्या न्यान्झा प्रांतात काही वर्षांनी शाळांतल्या पाणी आणि स्वच्छतेवर मोठं काम झालं. तिथे स्वच्छतेच्या शिकवणीबरोबर हात धुण्याची आणि पिण्याच्या पाण्याची भांडी आणि पाणी शुद्ध करायचं औषधही दिलं. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात सगळ्या शाळा मिळून फरक नव्हता, पण निवडणुकीनंतरच्या हिंसाचाराची झळ न पोचलेल्या भागांत मुलींच्या गैरहजेरीची शक्यता ५८ टक्क्यांनी घटलेली दिसली. मुलग्यांमध्ये मात्र फरक नव्हता.

त्याच भागातल्या आणखी एका अभ्यासात शाळांना कपडे धुण्याच्या पावडरीचा साबण नियमित पुरवला. पाण्यात कालवून त्याचं साबणाचं पाणी करायचं आणि हात धुण्याच्या जागी ठेवायचं, इतकी साधी योजना. मग संडासातून बाहेर येणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवलं. साबण न पुरवलेल्या शाळांत शंभरातली तीन मुलं साबणाने हात धूत होती. पुरवलेल्या शाळांत बत्तीस, आणि जिथे संडास स्वच्छ ठेवण्याचं साहित्यही दिलं तिथे अडतीस. अजूनही साठांवर मुलं तशीच निघून जात होती, हे खरं. पण तीनवरून बत्तीस ही उडी कुठल्याच व्याख्यानाने घेतलेली नव्हती.

उलट दिशेचा धडाही तिथेच मिळाला. काही शाळांत नवे संडास बांधून दिले, आणि तिथल्या मुलींच्या हातांवर विष्ठेतले जंतू कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले. संडास झाले म्हणून त्यांचा वापर वाढला, आणि नंतर स्वच्छ होण्यासाठी कागद, पाणी, साबण पुरेसं नव्हतं. संडासाचं दार रंगवून, उद्घाटन करून, फोटो काढून जे काम संपतं, त्याचा शेवट असा होऊ शकतो.

वाद आणि वीस वर्षं

बुसियाच्या मूळ हिशेबात काही चुका होत्या. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या संशोधकांनी आकडे पुन्हा तपासले आणि २०१५मध्ये ते जाहीर केलं. शेजारच्या, काही किलोमीटर लांबच्या शाळांना झालेला फायदा मूळ लेखात जास्त दाखवला गेला होता. सरसकट जंतनाशक गोळ्यांनी पोषण आणि शाळेतली प्रगती सुधारते याला पुरावा कमी आहे, असं वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यानेही सांगितलं. दुसऱ्या बाजूला, बुसियाच्या त्याच मुलांचा माग काढत राहिलेल्या चमूने २०२१मध्ये दाखवलं की दोन-तीन वर्षं जास्त गोळ्या मिळालेल्यांची मिळकत वीस वर्षांनी तासामागे १३ टक्के जास्त होती आणि खर्च करण्याची ऐपत १४ टक्के. हा वाद मिटलेला नाही. धड्यांच्या निकालावर मात्र दोन्ही बाजूंपैकी कुणी फारसं भांडलं नाही. कुणाला त्यात रस नव्हता, हे मला त्यातलं सगळ्यात दुःखद वाटतं.

आपल्या शाळांत

भारतात राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५च्या फेब्रुवारीत सुरू झाला. १ ते १९ वयाच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोल मिळतं, दोन वर्षांखालच्यांना अर्धी गोळी, त्यावरच्यांना ४०० मिलिग्रॅमची पूर्ण. बाई वर्गात उभ्या राहून 'चावून खा, पाण्याबरोबर गिळू नकोस' असं सांगतात, आणि सुटलेल्या मुलांसाठी काही दिवसांनी मॉप-अप दिवस असतो. गोळी फुकट आहे आणि शाळेतच मिळते, आणि मुलींना वगळलेलं नाही. बुसियात जे महागात पडून कळलं ते इथे आधीपासून पाळलं जातं, हे चांगलंच झालं.

पण त्या दिवशी होणारं भाषण, घोषवाक्यांची स्पर्धा, रांगोळी, प्रभातफेरी हे सगळं बुसियातल्या धड्यांच्याच जातीचं आहे. आठवी-नववीतल्या मुलामुलींना हात धुण्याच्या सहा पायऱ्या तोंडपाठ असतात. त्यांना आणखी एकदा शिकवण्याची गरज नाही. त्याच दिवशी त्याच मुलांच्या हातात वही देऊन शाळेची पाहणी करायला लावता येईल. किती नळांना पाणी आहे, मुलींच्या संडासाची कडी लागते का, आत बादली आणि झाकणाची कचरापेटी आहे का, मधल्या सुट्टीनंतर हात धुण्याच्या जागी साबण उरलेला असतो का, वर्गातले किती जण अनवाणी येतात. आणि ही पाहणी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्यांनीच वाचून दाखवावी. बैठकीच्या वृत्तांतात ती लिहिली गेली पाहिजे, नाहीतर ती हवेत विरते.

साबणाला पैसे नाहीत ही सबब तपासून पाहावी. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येनुसार मिळतं आणि त्यातला निदान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. शंभर पट असलेल्या शाळेला २५ हजार मिळाले तर स्वच्छतेचे झाले अडीच हजार, म्हणजे मुलामागे वर्षाला २५ रुपये. एवढ्यात फिनेल, झाडू, बादली आणि साबण सगळं बसवायचं तर वड्या परवडत नाहीत, त्या हरवतात आणि घरीही जातात. न्यान्झासारखं पावडरीचं पाणी मात्र परवडतं: झाकणाला भोक पाडलेली बाटली, दोरीने नळाला बांधलेली, आणि रोज सकाळी ती भरण्याची पाळी आठवीतल्या दोघांकडे. मधल्या सुट्टीआधी ती भरलेली आहे का हे फळ्याच्या कोपऱ्यात रोज लिहिलं, तर महिन्याअखेरीस किती दिवस बाटली रिकामी होती ते मुलांना मोजता येतं, आणि मुख्याध्यापकांनाही.